हेरपटांच्या संगीताच्या विस्तारित वर्धापन आवृत्त्या

हेरपटांच्या संगीताच्या विस्तारित वर्धापन आवृत्त्या म्हणजे गुप्तहेरांच्या कथांवर आधारित जुन्या चित्रपटांच्या मूळ ध्वनिमुद्रिकांचे, पूर्वी अप्रकाशित राहिलेल्या संगीताची भर घालून केलेले पुनःप्रकाशन होय. अशा आवृत्त्या बहुधा चित्रपटाच्या किंवा चित्रपटमालिकेच्या पंचविसाव्या, तिसाव्या, पन्नासाव्या अशा वर्षाचे निमित्त साधून काढल्या जातात. त्यांत मूळ ध्वनिफितींवरून नव्याने केलेले डिजिटल रूपांतर, चित्रपटात प्रत्यक्ष वापरलेले संगीतखंड, वगळलेली किंवा पर्यायी ध्वनिमुद्रणे आणि संगीताच्या निर्मितीची माहिती देणारी पुस्तिका यांचा समावेश असतो. या प्रकारातील सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली उदाहरणे १९६२ पासून सुरू झालेल्या जेम्स बाँड चित्रपटमालिकेची आहेत.

चित्रपट प्रदर्शित होताना निघालेली ध्वनिमुद्रिका आणि पडद्यावर ऐकू येणारे संगीत या दोन गोष्टी पुष्कळदा वेगळ्या असतात. अनेक गाजलेल्या हेरपटांच्या संगीताचा मोठा भाग कित्येक दशके केवळ संवाद आणि स्फोटांच्या आवाजाखालीच ऐकता येत होता. विस्तारित आवृत्त्यांनी ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. मात्र मूळ ध्वनिफिती टिकल्या असतील तेथेच हे शक्य झाले आहे.

पार्श्वभूमी

१९६०च्या दशकात चित्रपटाचे संगीत प्रामुख्याने दीर्घवादन तबकडीवर, म्हणजे एल.पी.वर प्रकाशित होत असे. या तबकडीच्या एका बाजूवर साधारणतः वीस ते पंचवीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण चांगल्या दर्जाने बसते. प्रत्यक्षात चित्रपटांच्या तबकड्या बहुधा यापेक्षाही लहान असत. चित्रपटात तासाभराहून अधिक संगीत असले तरी तबकडीवर त्याची निवडच येई. निवड करताना पाठलाग आणि झुंजीच्या प्रसंगांतील लांब संगीतापेक्षा गीत, त्याच्या चालीची वाद्यवृंदावरील रूपे आणि नृत्याला साजेसे तुकडे यांना प्राधान्य मिळे, कारण तबकडीचा खप त्यांच्यावर अवलंबून असे.

दुसरे कारण वेळेचे होते. तबकडी चित्रपटाबरोबरच दुकानांत पोहोचावी यासाठी ती चित्रपटाचे संगीत पूर्ण होण्यापूर्वीच तयार करावी लागे. तिसरे कारण आर्थिक होते. अमेरिकेत चित्रपटासाठी मुद्रित केलेले संगीत तबकडीवर वापरायचे झाल्यास वादकांना संघटनेच्या करारानुसार वेगळे मानधन द्यावे लागे. त्यामुळे काही निर्मात्यांनी लहान वाद्यवृंद घेऊन तबकडीपुरते संगीत पुन्हा मुद्रित केले, तर काहींनी तबकडी काढलीच नाही. अल्फ्रेड हिचकॉक यांच्या नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट (१९५९) या चित्रपटासाठी बर्नार्ड हरमन यांनी दिलेल्या संगीताची ध्वनिमुद्रिका चित्रपटाबरोबर निघाली नव्हती. लॉरी जॉन्सन यांच्या संचालनाखाली १९८० मध्ये त्याचे नव्याने ध्वनिमुद्रण झाले. मूळ ध्वनिमुद्रण मात्र १९९५ मध्ये, म्हणजे प्रदर्शनानंतर ३६ वर्षांनी, ऱ्हायनो या कंपनीने प्रकाशित केले.

बाँडपटांचे संगीत आणि मूळ तबकड्या

डॉ. नो (१९६२) या पहिल्या बाँडपटाचे संगीतकार माँटी नॉर्मन होते. मालिकेची ओळख बनलेली 'जेम्स बाँड थीम' ही चाल त्यांची असून तिचे वाद्यवृंद-संयोजन जॉन बॅरी यांनी केले. विक फ्लिक यांनी वाजवलेली इलेक्ट्रिक गिटार हे या ध्वनिमुद्रणाचे ठळक वैशिष्ट्य आहे. त्रिनिदादमधील भारतीय वंशाचे लेखक व्ही.एस. नायपॉल यांच्या अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास या कादंबरीवर आधारित संगीतिकेसाठी नॉर्मन यांनी एक गीत रचले होते. भारतीय वळणाच्या त्या चालीतून बाँड थीमची मुख्य सुरावट घेतली गेली. या चालीचे श्रेय बॅरी यांचे असल्याचे सूचित करणाऱ्या लेखाबद्दल नॉर्मन यांनी लंडनच्या संडे टाइम्स या वृत्तपत्रावर बदनामीचा दावा दाखल केला. २००१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागून त्यांना ३०,००० पौंडांची भरपाई मिळाली.

डॉ. नोच्या तबकडीवर चित्रपटात न वापरलेल्या अनेक रचना आहेत, तर चित्रपटातील नाट्यपूर्ण प्रसंगांचे बरेच संगीत तिच्यावर नाही. फ्रॉम रशिया विथ लव्ह (१९६३) पासून संगीताची मुख्य जबाबदारी बॅरी यांच्याकडे आली.

गोल्डफिंगर (१९६४) ची तबकडी मार्च १९६५ मध्ये अमेरिकेतील बिलबोर्ड नियतकालिकाच्या अल्बम-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. या तबकडीच्या अमेरिकी आणि ब्रिटिश आवृत्त्या सारख्या नव्हत्या. चार संगीतखंड केवळ ब्रिटिश तबकडीवर होते. शीर्षकगीताच्या चालीचे गिटारप्रधान वाद्यरूप मात्र केवळ अमेरिकी तबकडीवर होते. त्यामुळे दोन्ही देशांतील श्रोत्यांजवळ एकाच नावाचा, पण वेगळा संग्रह होता.

थंडरबॉलचे उदाहरण

तबकडी आणि चित्रपट यांच्यातील तफावतीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणून थंडरबॉल (१९६५) कडे पाहिले जाते. या चित्रपटासाठी बॅरी आणि गीतकार लेस्ली ब्रिकस यांनी प्रथम 'मिस्टर किस किस बँग बँग' हे गीत तयार केले. ते शर्ली बॅसी आणि डिऑन वॉर्विक या दोघींच्या आवाजांत मुद्रित झाले. नंतर शीर्षकगीतात चित्रपटाचे नाव असावे असे ठरल्याने डॉन ब्लॅक यांच्या शब्दांचे नवे गीत टॉम जोन्स यांच्याकडून गाऊन घेण्यात आले. तोपर्यंत बॅरी यांनी पहिल्या गीताची चाल पार्श्वसंगीतात ठिकठिकाणी गुंफली होती. परिणामी जे गीत प्रेक्षकांनी कधी ऐकलेच नव्हते, त्याची चाल चित्रपटभर वाजत राहिली.

तबकडी संगीत पूर्ण होण्यापूर्वी तयार झाल्याने चित्रपटाच्या उत्तरार्धातील बरेचसे संगीत तिच्यावर आले नाही. पाण्याखालील दीर्घ लढाईच्या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीत आणि प्रसंगाचा सगळा भार संगीतावर आहे. त्या प्रसंगाच्या संगीताचा मोठा भाग अशा रीतीने अप्रकाशित राहिला.

बाँडपटांना तीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त १९९२ मध्ये ई.एम.आय. कंपनीने शीर्षकगीतांचा संग्रह काढला. त्याच्या मर्यादित, दोन सी.डी.च्या आवृत्तीत बॅसी आणि वॉर्विक यांच्या आवाजांतील 'मिस्टर किस किस बँग बँग' प्रथमच अधिकृतपणे ऐकायला मिळाले. त्याच संचात गोल्डफिंगरचे ब्रिटिश तबकडीपुरते मर्यादित असलेले संगीत आणि थंडरबॉलमधील अप्रकाशित संगीताची दीर्घ मालिकाही होती. २००३ च्या विस्तारित आवृत्तीत थंडरबॉलच्या मूळ बारा खंडांपुढे सहा नवे खंड जोडले गेले आणि पाण्याखालील लढाईचे संगीत चित्रपटाच्या क्रमाने उपलब्ध झाले.

२००३ ची मालिका

बाँडपटांच्या चाळिसाव्या वर्षापाठोपाठ, २००३ मध्ये ई.एम.आय.च्या कॅपिटल या शाखेने जुन्या बाँड ध्वनिमुद्रिकांची रीमास्टर केलेली मालिका प्रकाशित केली. तिचे काम फिल्म स्कोअर मंथली या नियतकालिकाचे संस्थापक लुकास केंडल यांच्याकडे होते. थंडरबॉल, यू ओन्ली लिव्ह ट्वाइस (१९६७), ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस (१९६९), डायमंड्स आर फॉरएव्हर (१९७१) आणि जॉर्ज मार्टिन यांचे संगीत असलेला लिव्ह अँड लेट डाय (१९७३) यांच्या सी.डीं.वर पूर्वी अप्रकाशित असलेल्या संगीताची मोठी भर पडली. गोल्डफिंगरच्या सी.डी.वर अमेरिकी आणि ब्रिटिश तबकड्यांचे संगीत एकत्र आले.

या सी.डीं.ची मांडणी ठरावीक होती. आधी मूळ तबकडी तिच्या मूळ क्रमाने आणि नंतर अतिरिक्त संगीत असा तो क्रम होता. एका सी.डी.ची मर्यादा सुमारे ८० मिनिटांची असल्याने काही सलग प्रसंगांचे लहान खंड जोडून त्यांचा एकच लांब खंड केला गेला.

याच मालिकेतील डॉ. नो, फ्रॉम रशिया विथ लव्ह, द मॅन विथ द गोल्डन गन (१९७४), द स्पाय हू लव्ह्ड मी (१९७७), मूनरेकर (१९७९) आणि अ व्ह्यू टू अ किल (१९८५) यांच्या सी.डीं.वर मात्र नवे संगीत नव्हते. त्यांत केवळ जुन्या तबकडीचा ध्वनी सुधारला होता. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतील हा फरक पुनःप्रकाशनाच्या मर्यादेवर बोट ठेवतो. जे ध्वनिमुद्रण हाती आहे तेच प्रकाशित करता येते. चित्रपटाची लोकप्रियता कितीही मोठी असली तरी न मिळालेल्या फितीची जागा ती घेऊ शकत नाही.

टुमॉरो नेव्हर डाइज

तबकडीचे युग संपल्यानंतरही हा प्रश्न सुटला नाही. टुमॉरो नेव्हर डाइज (१९९७) या चित्रपटाचे संगीतकार डेव्हिड आर्नल्ड यांनी 'सरेंडर' हे गीत शीर्षकगीत म्हणून रचले होते. के.डी. लँग यांनी गायलेले हे गीत अखेर चित्रपटाच्या शेवटी गेले आणि आरंभी शेरिल क्रो यांचे गीत आले. 'सरेंडर'ची चाल तोपर्यंत पार्श्वसंगीतात विणली गेली होती. संगीताचे ध्वनिमुद्रण पूर्ण होण्यापूर्वीच सी.डी. तयार झाल्याने तिच्यावर चित्रपटाच्या उत्तरार्धाचे संगीत फारसे नव्हते. थंडरबॉलची कथा बत्तीस वर्षांनी जवळजवळ तशीच पुन्हा घडली.

२००० मध्ये चॅप्टर थ्री या कंपनीने अधिक संगीत असलेली सी.डी. काढली, परंतु तिच्यात गीते नव्हती. चित्रपटाच्या पंचविसाव्या वर्षी, २०२२ मध्ये, अमेरिकेतील ला-ला लँड रेकॉर्ड्स या कंपनीने दोन सी.डीं.ची विस्तारित आवृत्ती प्रकाशित केली. याच कंपनीने आर्नल्ड यांच्या डाय अनदर डे (२००२) या चित्रपटाची विस्तारित आवृत्ती पंधराव्या वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये काढली होती. द वर्ल्ड इज नॉट इनफ (१९९९) ची आवृत्ती २०१८ मध्ये आली. विस्तारित आवृत्ती नेमक्या वर्धापनवर्षीच निघते असे नाही, हे यावरून दिसते.

अन्य हेरपट व मालिका

बाँडपटांच्या यशानंतर आलेल्या हेरकथांच्या संगीताचेही असेच पुनःप्रकाशन झाले आहे. द मॅन फ्रॉम अंकल या दूरचित्रवाणी मालिकेचे संगीत फिल्म स्कोअर मंथलीने २००२ पासून अनेक संचांत प्रकाशित केले. लालो शिफ्रिन यांच्या सुरावटीने ओळखल्या जाणाऱ्या मिशन: इम्पॉसिबल (१९६६-७३) या मालिकेच्या संगीताचा सहा सी.डीं.चा संच ला-ला लँड रेकॉर्ड्सने २०१५ मध्ये काढला.

बर्ट बॅकरॅक यांचे संगीत असलेल्या कॅसिनो रोयाल (१९६७) या विनोदी हेरपटाची तबकडी वेगळ्या कारणाने प्रसिद्ध आहे. डस्टी स्प्रिंगफील्ड यांनी गायलेले 'द लुक ऑफ लव्ह' हे गीत तिच्यावर आहे. ध्वनीच्या विलक्षण स्पष्टतेमुळे उच्च दर्जाच्या ध्वनियंत्रणेचे शौकीन या तबकडीची मूळ प्रत शोधून घेतात. नव्या आवृत्तीची तुलना अशा वेळी चित्रपटाशी न होता थेट जुन्या तबकडीशी होते.

निर्मितीची प्रक्रिया

विस्तारित आवृत्तीचे काम साधारणपणे पुढील टप्प्यांनी होते.

शोध: ध्वनिमुद्रणसत्रांच्या फिती चित्रपटनिर्मिती संस्था, ध्वनिमुद्रिका कंपनी, ध्वनिमुद्रणगृह किंवा संगीतकाराचा संग्रह यांपैकी कोठेही असू शकतात. कंपन्यांची मालकी बदलत गेल्याने शोध कठीण होतो. बाँडपटांच्या अनेक तबकड्या काढणारी युनायटेड आर्टिस्ट्स रेकॉर्ड्स ही कंपनी १९७९ मध्ये ई.एम.आय.कडे गेली आणि ई.एम.आय.चा ध्वनिमुद्रिका व्यवसाय २०१२ मध्ये युनिव्हर्सल समूहाने घेतला. चित्रपटांचे हक्क मात्र एम.जी.एम.कडे आले. ही संस्था २०२२ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतली. प्रत्येक हस्तांतराच्या वेळी फितींची जागा आणि नोंदी बदलू शकतात.

ओळख: फितीच्या खोक्यावर चित्रपटाच्या प्रसंगाचे नाव असतेच असे नाही. तेथे बहुधा रीळ आणि संगीतखंडाचा क्रमांक असतो. उदाहरणार्थ, '१एम१' म्हणजे पहिल्या रिळातील पहिला संगीतखंड. एकाच खंडाची अनेक ध्वनिमुद्रणे झालेली असल्याने चित्रपटात नेमके कोणते वापरले हे ऐकून, जुळवून ठरवावे लागते.

रूपांतर: १९७० आणि १९८०च्या दशकांतील अनेक फितींवरील बांधणद्रव्य हवेतील ओलावा शोषून चिकट होते. अशी फीत तशीच वाजवल्यास तिच्यावरील चुंबकीय थर खरवडला जाऊन ध्वनी कायमचा नष्ट होऊ शकतो. म्हणून ती सुमारे ५० अंश सेल्सियस तापमानात काही तास तापवली जाते. त्यानंतर थोड्या काळापुरती ती सुरक्षितपणे वाजवता येते आणि त्या अवधीत तिचे डिजिटल रूपांतर केले जाते. ॲसिटेटवर आधारित चुंबकीय फिल्मला दुसरा विकार जडतो. तिचे रासायनिक विघटन होऊन तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ती आक्रसते आणि अखेर यंत्रावर चालेनाशी होते.

मिश्रण व मांडणी: १९६०च्या दशकातील बाँडपट चित्रपटगृहांत एकमार्गी, म्हणजे मोनो ध्वनीत दाखवले गेले. मूळ बहुपट्टी फीत मिळाल्यास त्या संगीताचे स्टिरिओ मिश्रण करता येते. अशा वेळी वाद्यवृंदातील वेगवेगळे वाद्यसमूह चित्रपटगृहात ऐकू आले त्याहून अधिक स्पष्टपणे ऐकू येतात. त्यानंतर रीमास्टरिंग, म्हणजे आवाजाची पातळी व समतोल यांचे अंतिम संस्करण होते.

मूळ फीत न मिळाल्यास

मूळ सत्रांच्या फिती न मिळाल्यास काही पर्याय उरतात. चित्रपट परभाषांत ध्वनिरूपांतरित करण्यासाठी संवादविरहित संगीत व ध्वनिपरिणामांची पट्टी तयार केलेली असते. तिच्यातून संगीत घेता येते, पण त्यात पावलांचे आणि बंदुकांचे आवाज मिसळलेले असतात. दुसरा पर्याय नव्या ध्वनिमुद्रणाचा आहे. बॅरी यांचे संगीत असलेल्या रेज द टायटॅनिक (१९८०) या शीतयुद्धकालीन कथेवरील चित्रपटाच्या मूळ फिती उपलब्ध नव्हत्या. त्यामुळे निक रेन यांच्या संचालनाखाली सिटी ऑफ प्राग फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने ते संगीत पुन्हा वाजवले आणि सिल्व्हा स्क्रीन या कंपनीने १९९९ मध्ये ते प्रकाशित केले.

हिचकॉक यांच्या टॉर्न कर्टन (१९६६) या हेरपटाचे उदाहरण याहून वेगळे आहे. हरमन यांनी लिहिलेले संगीत ध्वनिमुद्रणाच्या वेळीच हिचकॉक यांनी नाकारले आणि जॉन ॲडिसन यांच्याकडून नवे संगीत घेतले. चित्रपटात कधीच न वापरलेले हरमन यांचे संगीत नंतर एल्मर बर्नस्टीन यांनी नव्याने ध्वनिमुद्रित केले. असे ध्वनिमुद्रण स्वरलेखन जपते. मूळ वादकांचे वादन आणि त्या काळच्या ध्वनिमुद्रणगृहाचा नाद मात्र त्यातून परत मिळत नाही.

प्रकाशन व वितरण

अशा आवृत्त्यांचा ग्राहकवर्ग मर्यादित असल्याने त्यांच्या प्रती बहुधा काही हजारांच्या आत काढल्या जातात. संगीताचे हक्क, ध्वनिमुद्रणाचे हक्क, गायकांची परवानगी आणि चित्रांच्या वापराचा परवाना या सर्वांसाठी वेगवेगळे करार करावे लागतात. बाँडपटांतील शीर्षकगीतांचे गायक निरनिराळ्या कंपन्यांशी बांधलेले असल्याने हे काम अधिक गुंतागुंतीचे होते. वर्धापनवर्षाचा उपयोग येथे होतो. त्या वर्षी चित्रपटाची नवी प्रत, प्रसिद्धी आणि कार्यक्रम एकत्र येतात आणि हक्कधारकांना जुन्या फितींवर खर्च करण्यास निमित्त मिळते. डॉ. नो हा चित्रपट ५ ऑक्टोबर १९६२ रोजी प्रदर्शित झाला होता. मालिकेला साठ वर्षे पूर्ण होताना, ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बाँडपटांच्या संगीताचा विशेष कार्यक्रम झाला.

टीका व मतभेद

विस्तारित आवृत्त्यांवर काही आक्षेप घेतले जातात. मूळ तबकडी ही बऱ्याचदा संगीतकाराने स्वतः निवडून आणि क्रम लावून केलेली स्वतंत्र कलाकृती असते. चित्रपटातील प्रत्येक लहान खंड तिच्यात मिसळल्याने ऐकण्याचा ओघ तुटतो, असे काहींचे मत आहे. यावर उपाय म्हणून मूळ तबकडी आणि चित्रपटाच्या क्रमाने लावलेले संपूर्ण संगीत वेगवेगळ्या सी.डीं.वर देण्याची पद्धत रूढ झाली.

दुसरा आक्षेप विक्रीपद्धतीबद्दल आहे. थोड्या फरकाने तेच संगीत अनेकदा विकले जाते, तर मर्यादित प्रती संपल्यावर जुन्या बाजारात त्यांची किंमत वाढते. अनेक विस्तारित आवृत्त्या इंटरनेटवरील संगीतसेवांवर उपलब्ध नसतात. त्यामुळे त्या ग्रंथालये आणि अभ्यासकांपर्यंत सहज पोहोचत नाहीत.

महत्त्व

चित्रपटसंगीताच्या अभ्यासासाठी या आवृत्त्या प्राथमिक साधनांचे काम करतात. थंडरबॉलमधील पार्श्वसंगीताची रचना रद्द झालेल्या गीताशिवाय नीट उलगडत नाही आणि ते गीत १९९२ पर्यंत अधिकृतपणे ऐकताच येत नव्हते. पुस्तिकांमध्ये दिलेल्या सत्रांच्या तारखा, वादकांची नावे आणि श्रेयाच्या नोंदी यांनाही दस्तऐवजाचे मूल्य आहे. बाँड थीमच्या श्रेयाचा वाद न्यायालयात गेल्यामुळे अशा नोंदींचे महत्त्व अधोरेखित झाले. प्रकाशनासाठी केलेले डिजिटल रूपांतर हेच पुष्कळदा जीर्ण होत चाललेल्या फितीचे जतनही ठरते. चुंबकीय फितींचे आयुष्य मर्यादित असल्याने रूपांतर न झालेल्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत हे काम दरवर्षी अधिक अवघड होत जाते.

हे सुद्धा पहा

जॉन बॅरी
जेम्स बाँड
पार्श्वसंगीत
ध्वनिमुद्रिका
डेव्हिड आर्नल्ड